६,९८९ मतांनी गेलेला देश

एखाद्या देशाचे भवितव्य लोकांच्या मतावर सोपवले आणि लोक जवळजवळ निम्मे-निम्मे विभागले गेले, तर काय करायचे? थोडक्यात जिंकलेल्यांचा निर्णय सगळ्यांना लागू करायचा, की लोकांना पुन्हा एकदा विचारायचे? २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी दिला, तेव्हा या प्रश्नावर जगभर वाद झाले. पण त्याच्या ६८ वर्षे आधी उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटाला हा प्रश्न पडला होता. तिथल्या लोकांनी सात आठवड्यांत दोनदा मत दिले. पहिल्या वेळी एक बाजू पुढे राहिली, दुसऱ्या वेळी दुसरी जिंकली. त्या निकालाने एक देश कॅनडाचा प्रांत झाला. दोन बाजूंमधला फरक होता ६,९८९ मतांचा.

त्या देशाचे नाव न्यूफाउंडलँड.

कर्जापायी गेलेली संसद

महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे मोठे असे हे बेट. शेतीला जमीन फारशी नाही, हिवाळा कडक, पण भोवतालच्या समुद्रात कॉड मासा अमाप. चार-साडेचार शतके माणसे तिथे गेली ती या माशासाठी. किनाऱ्याच्या खाचाखोचांत सुमारे तेराशे लहान वस्त्या होत्या. अनेक वस्त्यांना रस्ताच नव्हता, ये-जा होडीने. १९४५ च्या जनगणनेत लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यासह लोकसंख्या भरली जेमतेम ३ लाख २१ हजार.

या वस्त्यांतला कोळी पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्याच्या खात्यावर जगत आला होता. हंगामाच्या सुरुवातीला व्यापारी जाळी, मीठ, पीठ, चहा उधार देई. हंगाम संपला की कोळ्याने वाळवलेला मासा त्याच्याच दुकानात आणून टाकायचा. माशाचा भाव व्यापारी ठरवणार, मालाचा भावही तोच ठरवणार. हिशेब बहुधा वहीतच मिटे आणि रोख पैसा कोळ्याच्या हातात क्वचितच येई. सेंट जॉन्स या राजधानीतल्या बंदरावर व्यापारी घराण्यांच्या वखारी होत्या. राजकारणही बरेचसे त्याच घराण्यांभोवती फिरे.

तरीही हा देश होता, आणि त्याला आपल्या वेगळेपणाचा अभिमान होता. १८५५ पासून तिथे जबाबदार राज्यपद्धती होती; म्हणजे निवडून आलेले विधिमंडळ आणि त्याला उत्तरदायी असलेले मंत्रिमंडळ. १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य उभे राहिले, तेव्हा न्यूफाउंडलँडलाही त्यात येण्याचे आमंत्रण होते. १८६९ च्या निवडणुकीत लोकांनी ते नाकारले. पुढे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या पंगतीत तो ब्रिटिश साम्राज्यातला स्वायत्त देश म्हणून बसला. पहिल्या महायुद्धात त्याने स्वतःची पलटण उभी केली. १ जुलै १९१६ च्या सकाळी फ्रान्समध्ये बोमाँ-हामेल इथे त्या पलटणीचे सुमारे ८०० जवान खंदकांतून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ जण उभे होते. एवढ्याशा देशात या बातमीने किती घरे शोकात बुडाली असतील, याची कल्पना करता येते.

युद्धाचे कर्ज, त्याआधीचे रेल्वेचे कर्ज आणि त्यावर १९२९ नंतरची जागतिक मंदी. माशाचा भाव कोसळला. १९३३ पर्यंत देशावरचे कर्ज दहा कोटी डॉलरच्या घरात गेले आणि महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या व्याजात जाऊ लागला. निराधारांना सरकार दिवसाला सहा सेंटची मदत देत होते. एप्रिल १९३२ मध्ये संतापलेल्या जमावाने विधिमंडळाच्या इमारतीवर हल्ला केला आणि पंतप्रधान रिचर्ड स्क्वायर्स कसेबसे निसटले. अखेर लॉर्ड अ‍ॅमुलरी यांच्या चौकशी आयोगाने सुचवले की, काही काळ लोकनियुक्त सरकार बाजूला ठेवावे आणि कारभार नेमलेल्या आयोगाकडे द्यावा. विधिमंडळाने स्वतःच ते मान्य केले. १६ फेब्रुवारी १९३४ पासून गव्हर्नर आणि सहा आयुक्त, तीन तिथले आणि तीन ब्रिटनचे, देश चालवू लागले. कर्जापायी स्वतःचे स्वराज्य स्वतःच्या हाताने बाजूला ठेवणारा दुसरा देश इतिहासात शोधून सापडणे कठीण.

त्या वेळी एक आश्वासन मात्र दिलेले होते. देश पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि लोकांनी मागणी केली की जबाबदार राज्यपद्धती परत मिळेल. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या आश्वासनात आहे.

कौल कशाकशावर?

देशाला पायावर उभे केले ते दुसऱ्या महायुद्धाने. अमेरिकेने आर्जेन्शिया, स्टीफनव्हिल आणि सेंट जॉन्सजवळ तळ बांधले. कॅनडाने लॅब्रॅडॉरमध्ये गूज बे इथे विमानतळ उभारला. गँडरवरून विमाने अटलांटिक ओलांडू लागली. हजारो कोळ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच रोख मजुरी मिळाली. तिजोरीत शिल्लक पडू लागली, इतकी की न्यूफाउंडलँडने ब्रिटनला बिनव्याजी पैसे उसने दिले. आश्वासनातली अट पूर्ण झाली होती.

पण लंडनचा विचार बदलला होता. युद्धाने ब्रिटन खंक झाले होते, आणि न्यूफाउंडलँड पुन्हा बुडाले तर त्याला सावरण्याची ऐपत त्याच्यात उरली नव्हती. बेट कॅनडात गेलेले बरे, असे लंडन आणि ओटावा या दोन्ही राजधान्यांत ठरत आले होते. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांतून आता हे स्पष्ट झाले आहे. उघडपणे मात्र ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली यांनी डिसेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय परिषदेची घोषणा केली. ४५ निवडून आलेल्या प्रतिनिधींनी देशाची स्थिती अभ्यासावी आणि लोकांसमोर कोणते पर्याय ठेवायचे याची शिफारस करावी, असे तिचे काम होते. उमेदवार आपापल्या मतदारसंघातलाच रहिवासी हवा, ही अट घातल्यामुळे सेंट जॉन्सच्या वकील-व्यापाऱ्यांना वस्त्यांच्या जागा बळकावता आल्या नाहीत. सप्टेंबर १९४६ मध्ये परिषद बसली आणि तिची भाषणे रेडिओवरून घराघरांत पोहोचू लागली. बारा वर्षे ज्यांना राजकारण ऐकायला मिळाले नव्हते, ते लोक आता संध्याकाळी रेडिओभोवती जमून आपल्या देशाचा वाद ऐकत होते.

या रेडिओने एक माणूस मोठा केला. जोसेफ स्मॉलवुड, बुटका, चष्मेवाला, पूर्वी पत्रकार आणि कामगार संघटक. गँडरला डुकरे पाळण्याचा व्यवसाय करता करता तो परिषदेवर निवडून आला होता. त्याआधी ‘द बॅरलमॅन’ या त्याच्या कार्यक्रमामुळे त्याचा आवाज किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीच्या ओळखीचा झाला होता. कॅनडात सामील होण्यानेच कोळ्याचे दैन्य फिटेल, असे त्याचे ठाम मत होते. त्याच्यासमोर उभे होते माजी अर्थमंत्री मेजर पीटर कॅशिन, तितकेच जहाल वक्ते. त्यांचे म्हणणे साधे होते: आमचे राज्य आम्हाला आधी परत द्या. मग कॅनडाशी बोलायचे की नाही, बोलायचे तर कोणत्या अटींवर, हे आमचे निवडून आलेले सरकार ठरवील.

जानेवारी १९४८ मध्ये परिषदेत निर्णायक मतदान झाले. कॅनडात सामील होण्याचा पर्याय मतपत्रिकेवर असावा का? परिषदेने २९ विरुद्ध १६ मतांनी तो फेटाळला आणि दोनच पर्यायांची शिफारस केली: जबाबदार राज्यपद्धती किंवा आयोगाचे शासन. विलीनीकरणवाद्यांनी रेडिओवरून त्या २९ जणांना हुकूमशहा ठरवले आणि लोकांना तारा पाठवण्याचे आवाहन केले. सुमारे ५० हजार नावे जमली. मार्चमध्ये ब्रिटिश मंत्री फिलिप नोएल-बेकर यांनी परिषदेची शिफारस बाजूला सारून तिसरा पर्यायही मतपत्रिकेवर घातला.

इथे थोडे थांबायला हवे. दुसऱ्या बाजूचा राग पुढची कित्येक वर्षे धुमसत राहिला तो मुख्यतः या निर्णयामुळे. निवडून आलेल्या परिषदेने नाकारलेला पर्याय समुद्रापारच्या मंत्र्याने मतपत्रिकेवर आणला, ही तक्रार खरीच होती. त्याचबरोबर, ज्या पर्यायामागे हजारो लोक उभे होते तो लोकांपुढे येऊच न देणे हेही लोकशाहीत बसत नव्हते. प्रश्न कोणी आणि कसा लिहायचा याबद्दल एकमत नसले, की उत्तराबद्दलही ते होत नाही.

एक गोष्ट मात्र ब्रिटनने नीट केली. मतदानाआधीच नियम ठरला: तीनपैकी कोणत्याही पर्यायाला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळालेला पर्याय वगळायचा आणि उरलेल्या दोनांवर पुन्हा मत घ्यायचे. दुसऱ्या फेरीत ज्याला बहुमत मिळेल तो निर्णय.

पहिला कौल, दुसरा कौल

प्रचार कडाक्याचा झाला. स्मॉलवुडच्या हाती एक हुकमी मुद्दा होता. १९४५ पासून कॅनडात प्रत्येक मुलामागे आईच्या नावे दरमहा पाच ते आठ डॉलरचा भत्ता मिळत होता. पाच मुलांच्या आईला दर महिन्याला रोख रक्कम, तीही व्यापाऱ्याच्या वहीत न जाता थेट तिच्या हातात! शिवाय वृद्धांना निवृत्तिवेतन आणि बेकारांना भत्ता. स्मॉलवुड समुद्रविमानातून वस्त्यावस्त्यांवर उतरला, ध्वनिवर्धकावरून बोलला आणि त्याने हे आकडे लोकांना पाठ करून दिले. समोर व्यापारी चेस्ली क्रॉस्बी यांचा गट होता. आधी स्वराज्य घ्या, मग अमेरिकेशी व्यापारी संघ करू, असा त्याचा प्रस्ताव तरुणांना आवडला. त्यामुळे विरोधकांची शक्ती दोन चळवळींत विभागली गेली.

३ जून १९४८ ला मतदान झाले. जबाबदार राज्यपद्धतीला ६९,४०० मते पडली, म्हणजे ४४.५५ टक्के. कॅनडाला ६४,०६६, म्हणजे ४१.१३ टक्के. आयोगाच्या शासनाला २२,३११, म्हणजे १४.३२ टक्के. नोंदलेल्या मतदारांपैकी ८८ टक्क्यांनी मत दिले होते.

निम्म्याचा टप्पा कोणीच ओलांडला नव्हता. ज्याला जास्त मते तो विजयी, असा नियम असता तर न्यूफाउंडलँड त्या दिवशी स्वतंत्र राहिले असते. तेही ५५ टक्के लोकांनी दुसरे काही मागितलेले असताना. नियम आधीच लिहिलेला असल्यामुळे दुसरी फेरी अटळ होती आणि तिच्याबद्दल कोणाला तक्रारही करता आली नाही. आता सगळे लक्ष त्या २२ हजार मतांवर होते. आयोगाच्या शासनाला मत देणारे बहुतेक लोक धोका न पत्करणारे. सेंट जॉन्सच्या जुन्या पुढाऱ्यांच्या हाती पुन्हा देश द्यायला ते तयार नव्हते. ते कुठे जाणार?

त्या सात आठवड्यांत प्रचाराला एक विखारी वळण लागले. सेंट जॉन्सचे कॅथलिक आर्चबिशप एडवर्ड रोश विलीनीकरणाचे कट्टर विरोधक होते आणि चर्चचे वृत्तपत्र उघडपणे जबाबदार राज्यपद्धतीची बाजू घेत होते. जुलैमध्ये प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज संघटनेने आपल्या सभासदांना पत्र पाठवून या हस्तक्षेपाविरुद्ध सावध केले. मग कुजबुज सुरू झाली, पत्रके निघाली आणि धर्माच्या रेघेवर शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. प्रत्यक्षात मतदान सरळसरळ धर्मानुसार झाले नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅथलिक वस्त्यांनी कॅनडाला साथ दिली. खरी रेघ भूगोलाची होती. राजधानी आणि तिच्याभोवतीचा अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्प एका बाजूला, दूरच्या वस्त्या दुसऱ्या बाजूला. पण दुसऱ्या मतदानाची किंमत काय असते, हे त्या आठवड्यांनी दाखवून दिले. प्रश्न जितका ताणला जातो तितकी माणसे एकमेकांपासून तुटतात.

२२ जुलैचा निकाल असा लागला: कॅनडा ७८,३२३, जबाबदार राज्यपद्धती ७१,३३४. टक्केवारीत ५२.३४ आणि ४७.६६.

पहिल्या फेरीशी ताडून पाहिले की आकडे बोलू लागतात. कॅनडाच्या बाजूला १४,२५७ मते वाढली, तर स्वराज्याच्या बाजूला फक्त १,९३४. एकूण मतदान सहा हजारांनी घटले. वगळलेल्या पर्यायाकडची मते कुठे गेली, याचा अंदाज एवढ्यावरून येतो. २५ मतदारसंघांपैकी १८ कॅनडाच्या बाजूने गेले; उरलेले सात अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पावरचे. पहिल्या फेरीत पुढे असलेली बाजू आता हरली होती, आणि आपल्या हातचा विजय हिसकावला गेला असे तिला वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच होते.

पुरेसे म्हणजे किती?

निकालानंतरची कसोटी वेगळीच निघाली. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी आधी अशी अट सुचवली होती की, न्यूफाउंडलँडच्या लोकांची इच्छा गैरसमजाला जागा राहणार नाही इतकी स्पष्ट दिसली पाहिजे. आता प्रश्न उभा राहिला: ५२.३४ टक्के ही स्पष्ट इच्छा आहे का? निम्म्या लोकांचा रोष घेऊन एक प्रांत घरात घ्यायचा का? किंग घुटमळले. त्यांचे सहायक जॅक पिकर्सगिल यांनी आठवण करून दिली की, किंग यांच्या पक्षाला देशाच्या निवडणुकीत एवढी टक्केवारी कधीही मिळालेली नव्हती, तरी त्यांनी वर्षानुवर्षे राज्य केले होते. जुलै संपण्याआधी ओटावाने निकाल स्वीकारला.

पराभूत बाजूने हात टेकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये कॅशिन आणि त्यांचे दोन सहकारी हजारो सह्यांचे निवेदन घेऊन लंडनला गेले. १९३४ चे आश्वासन पाळा, आमचे विधिमंडळ आधी परत द्या, ही त्यांची मागणी होती. न्यायालयातही दाद मागितली गेली. दोन्हीकडून नकार आला. निकाल फिरवल्याचा आरोप आजही कधी कधी होतो. मतमोजणीत फेरफार झाल्याचा ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

११ डिसेंबर १९४८ ला ओटावात सामीलनाम्यावर सह्या झाल्या. न्यूफाउंडलँडच्या सात जणांच्या शिष्टमंडळात चेस्ली क्रॉस्बीही होते. सातांपैकी त्यांनी एकट्याने सही केली नाही. आर्थिक अटी देशाला परवडणाऱ्या नाहीत, असे त्यांचे मत होते. ३१ मार्च १९४९ ला मध्यरात्र होण्याच्या थोडे आधी विलीनीकरण अमलात आले. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन्समधल्या काही घरांनी दारांवर काळे कापड लावले. दूरच्या वस्त्यांत मात्र आया भत्त्याच्या पहिल्या धनादेशाची वाट पाहत होत्या. दोन्ही भावना खऱ्या होत्या, एकाच देशातल्या होत्या. त्याच महिन्यात, १ मार्च १९४९ ला, आपल्याकडे कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. तिथे विलीनीकरणाचा करार राजाच्या सहीने झाला. न्यूफाउंडलँडमध्ये तो भार प्रत्येक मतदाराने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मे १९४९ मध्ये नव्या प्रांताची पहिली निवडणूक झाली. स्मॉलवुडच्या लिबरल पक्षाने २८ पैकी २२ जागा जिंकल्या आणि तो १९७२ पर्यंत मुख्यमंत्री राहिला. शाळा, रस्ते, दवाखाने आले. पण त्याच सरकारच्या काळात शेकडो लहान वस्त्या उठवून लोकांना मोठ्या गावांत हलवले गेले, आणि ज्या कोळ्यांनी त्याला मते दिली त्यांतल्या अनेकांची गावेच उरली नाहीत. मासेमारीचा अधिकार ओटावाकडे गेला होता. २ जुलै १९९२ ला कॅनडाच्या सरकारने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. ती घोषणा करणारे केंद्रीय मंत्री होते जॉन क्रॉस्बी, सही न करणाऱ्या चेस्ली क्रॉस्बींचे चिरंजीव. वडिलांनी ज्या संघराज्याला नकार दिला, त्याच्या मंत्रिमंडळात मुलगा बसला, याचाही अर्थ ध्यानात घ्यायला हवा. हरलेल्या बाजूने शेवटी निकाल पत्करला आणि नव्या घरात आपली जागा मिळवली.

दुसऱ्यांदा केव्हा विचारावे?

मग २२ जुलैनंतर तिसरे मतदान घ्यायला हवे होते का? मला वाटते, नको होते. फरक थोडा होता म्हणून निकाल कच्चा ठरत नाही. आधी मान्य केलेल्या नियमाने कौल लागला होता, आणि ८५ टक्के मतदारांनी त्यात भाग घेतला होता. सात हजारांचा फरक पुरेसा नाही असे म्हटले, तर किती पुरेसा हे कोण ठरवणार? जो हरला तोच ठरवणार असेल, तर मतदानाला अंत राहत नाही. आणि तिसऱ्या वेळी दुसरी बाजू थोडक्यात जिंकली असती, तर चौथे मतदान कोणत्या तोंडाने नाकारले असते?

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे; मतपत्रिकेवरची चिन्हे अनुक्रमे फूल आणि दोन पाने. त्यासाठी संसदेने आधी कायदा केला होता, आणि मतदान निःपक्ष व्हावे म्हणून विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले होते. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. दोन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. मराठी मनाला हा निकाल लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकार आपले आहे, तर प्रश्न पुन्हा उपस्थित करा, असे म्हणायला जागा होती. तरीही कौल पुन्हा घेतला गेला नाही, आणि १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले. बांदोडकर विलीनीकरणाच्या प्रश्नावर हरले, पण कारभारी म्हणून लोकांना हवे होते. मतदार हे दोन प्रश्न वेगळे ठेवू शकतो, आणि राज्यकर्त्यांनीही ते वेगळे ठेवले, यात गोव्याचे शहाणपण आहे.

याचा अर्थ एकदा विचारलेला प्रश्न कायमचा मिटला, असे नव्हे. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताने ३० ऑक्टोबर १९९५ ला स्वतंत्र होण्याचा प्रस्ताव ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्क्यांनी नाकारला. फरक होता ५४,२८८ मतांचा, तोही ४६ लाखांहून अधिक वैध मतांत. स्वातंत्र्यवाद्यांच्या मनात दुसऱ्याच दिवशी पुढचे सार्वमत होते. पण क्वेबेकचा स्वतःचाच कायदा असा की, एका विधानसभेच्या मुदतीत एकाच प्रश्नावर दोनदा सार्वमत घेता येत नाही. आधी निवडणुकीला सामोरे जायचे, लोकांकडून नवा जनादेश घ्यायचा, मगच प्रश्न पुन्हा काढायचा. ती वेळ क्वेबेकवर आजवर पुन्हा आलेली नाही. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये युरोपीय संघाचा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मत घेतले आणि ५६.७ टक्के लोकांनी होकार दिला. पण दुसऱ्या वेळी प्रश्न तोच नव्हता. समान चलन, संरक्षण अशा बाबतींत डेन्मार्कला सवलती मिळालेल्या होत्या. तरीसुद्धा त्या रात्री कोपनहेगनमध्ये दंगल उसळली आणि पोलिसांनी गोळीबार केला. नकाराला नकार म्हणून मान मिळाला नाही, असे ज्यांना वाटले त्यांचा तो उद्रेक होता.

या सगळ्यांतून काही नियम स्पष्ट होतात. दुसरे मतदान तीन परिस्थितींतच न्याय्य ठरते: पहिल्या मतदानाआधीच त्याची तरतूद केलेली असेल तर; लोकांपुढचा प्रस्ताव खरोखर बदललेला असेल तर; किंवा पुरेसा काळ जाऊन, निवडणूक होऊन लोकांनी नवा जनादेश दिला असेल तर. निव्वळ फरक थोडा होता, हे कारण पुरेसे नाही. ज्यांना थोड्या फरकाची भीती वाटते, त्यांनी ती मतपेटी लागण्याआधी बोलून दाखवावी आणि कायद्यात लिहावी. ५५ टक्के हवेत, दोन तृतीयांश हवेत की दोन फेऱ्या हव्यात, जे काही ठरवायचे ते कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसताना ठरवावे. मॅकेन्झी किंग यांची चूक इथे झाली. स्पष्ट इच्छा हवी असे ते म्हणाले, पण आकडा सांगितला नाही, आणि मग निकालानंतर पेन्सिल घेऊन टक्केवारी ताडून पाहायची वेळ आली. कॅनडाने २००० साली प्रांतांच्या अलग होण्याबद्दल कायदा केला. त्यातही स्पष्ट बहुमत हवे असे म्हटले, आकडा मात्र पुन्हा दिलेला नाही. या कायद्याची परीक्षा होईल तेव्हा तोच जुना वाद पुन्हा उभा राहील.

हरणाऱ्यांसाठी निकाल मानणे हे कर्तव्य आहे, तसे जिंकणाऱ्यांवर त्याहून मोठे ओझे आहे. ५२ टक्क्यांनी मिळालेला विजय हा ४८ टक्क्यांना गप्प बसवण्याचा परवाना नसतो. न्यूफाउंडलँडच्या जखमा भरायला पिढ्या लागल्या, त्या दुसऱ्या मतदानामुळे नव्हे, तर जिंकलेल्यांनी हरलेल्यांशी बोलणे थांबवल्यामुळे. ज्या वस्त्या हलवल्या गेल्या, जो मासा संपला, त्यांबद्दलचे निर्णय घेताना त्या ७१,३३४ लोकांच्या शंका ऐकल्या गेल्या असत्या, तर काही चुका टळल्या असत्या.

म्हणून अटीतटीच्या सार्वमतानंतर ‘पुन्हा मत घ्या’ हा पहिला विचार नसावा. प्रश्न कोणी लिहिला, नियम केव्हा ठरला आणि जिंकलेले आता हरलेल्यांशी कसे वागणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. नियम मतदानाआधीचा असेल, तर एका मताचाही निकाल पाळावा. नियम मतदानानंतर शोधला जात असेल, तर कितीही वेळा मत घेतले तरी निकालावर कोणाचा विश्वास बसणार नाही.